तुम्ही कुठले जाधव?

कंदीपेढा
मंडळी नमस्कार, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. पोराच्या शाळेतनं प्रोजेक्ट आलंय, 'माझ्या आडनावाची थोर माणसं', चार्ट पेपरवर माहिती लिहून न्यायची, किमान पाच माणसं आणि सगळी वेगवेगळ्या क्षेत्रातली. आता आमचं आडनाव जाधव. साताऱ्यात जाधव म्हणजे काय सांगू, पोवई नाक्यावर उभं राहून "ओ जाधव" म्हटलं तर चार हेल्मेटं तरी वळतात. पोराच्या एका वर्गात सहा जण आहेत.

मागच्याच महिन्यात एका लॅबमधनं मला दुसऱ्याच जाधवांचा रिपोर्ट दिला, इनिशियल सेम, वय पण मागंपुढं. जेवणानंतरची शुगर २८० बघून मी हबकलोच, चार दिवस पेढ्याकडं बघितलं नाही, बायकोनं कारल्याचा रस सुरू केला, पाचव्या दिवशी लॅबवाल्याचा फोन, सॉरी साहेब तो रिपोर्ट तुमचा नाही. म्हणजे चार दिवस ते दुसरे जाधव निवांत पेढे खात असणार.

असो. माझ्याकडं आत्ता दोनच नावं आहेत, लखुजी जाधव म्हणजे जिजाऊंचे वडील आणि कराडचे खाशाबा. बाकीची तुम्ही सुचवा. एकच अट, राजकारणी नकोत, नायतर धागा पेटतो आणि ॲडमिन कुलूप लावतो.

कृष्णाकाठचा
खाशाबांना नुसतं "कराडचे" म्हणून गुंडाळू नका ओ. गोळेश्वर म्हणा. कराडच्या अगदी लागून आहे तरी गाव ते गाव. आमचं आजोळ तिकडचंच त्यामुळं हा माणूस आम्हाला पुस्तकात भेटायच्या आधी पारावर भेटलाय.

पोराला हे सगळं सांगा: जन्म १५ जानेवारी १९२६, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला, तोवर सगळी कुस्ती मातीतली. तरी सहावा नंबर आणला. मग १९५२ ला हेलसिंकी, फ्रीस्टाइल, बँटमवेट, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं. म्हणजे ४४ वर्षं हा एकटा माणूस त्या यादीत उभा होता.

राजवाडा_चौपाटी
आणि पैसे लोकवर्गणीतनं ना? कोल्हापूरच्या महाराजांनी पाठवलं असं ऐकलंय.

कृष्णाकाठचा
दोन वेगवेगळ्या वेळा आहेत त्या, लोक एकत्र करतात. १९४८ ला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. १९५२ ला खाशाबा गावोगाव फिरले, लोकांनी जमेल तसं दिलं, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. १९५२ चे ७००० आणि तेही आपल्या विद्यार्थ्यासाठी! आमच्या प्राचार्यांनी आम्हाला परीक्षेची फी भरायला दोन दिवस मुदतवाढ दिली नव्हती.

हेलसिंकीला जपानच्या इशिईबरोबर लांबलेली कुस्ती हरले आणि लगेच रशियाच्या मल्लासमोर उतरवलं. नियमानं मध्ये अर्धा तास विश्रांती पाहिजे, पण ते भांडून सांगायला तिथं आपला एक अधिकारी हजर नव्हता. नायतर रंग वेगळा असता पदकाचा, हे माझं मत, भांडायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक, गावात पोचायला म्हणे सात तास लागले. आणि पुढं काय, तर पोलिसात सब-इन्स्पेक्टर. पद्म पुरस्कार जिवंतपणी नाही आणि मरणोत्तर पण नाही. १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही गेल्यानंतर.

भडंग_विथ_शेंगदाणे
सांगलीकरांची हजेरी लावतो. जाधवांचं कौतुक मान्य पण मोठ्या माणसांचं आडनाव म्हणाल तर पाटील! क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, प्रतिसरकारवाले. कर्मवीर भाऊराव पाटील, १९१९ ला रयत काढली. स्मिता पाटील. ८३ च्या वर्ल्डकपमधला संदीप पाटील. झाले की नाही चार क्षेत्रं दोन मिनटात.

वाईची_काकू
भडंग, पाटील हे आडनाव कुठं, तो तर हुद्दा. ज्याच्याकडं गावची पाटीलकी तो पाटील. नाना पाटील मराठा, कर्मवीर जैन, आणि दोघंही पाटील. असं धरलं तर कुलकर्णी, देशपांडे, देशमुख सगळेच धाग्यात घुसतील. मग काय चार्ट पेपर पुरायचा नाही.

भडंग_विथ_शेंगदाणे
काकू पण आज शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय? पाटील. मग आडनावच झालं की ते. बरं पाटील राहूद्या, भावे घ्या. विष्णुदास भावे, सांगली, १८४३, सीतास्वयंवर, मराठी नाटक तिथनं सुरू. विनोबा भावे भूदान. सुबोध भावे सिनेमा. तीन क्षेत्रं आणि पहिला माणूस आमच्या गावचा.

वाईची_काकू
भावे चालतील पण पोराचं आडनाव भावे नाहीये रे बाबा. :)

त्यांच्यात कुलवृत्तांत छापलेला असतो, जाड बाइंडिंगचा, कोण कुठनं आला कुणाचा कोण सगळं पान नंबरसकट. जाधवांचं तसं कुठाय.

बरं कंदीपेढा, तुमच्या चार्टसाठी एक नाव देते जे कुणाला सुचणार नाही. रा. ग. जाधव. समीक्षक. आमच्या वाईला मराठी विश्वकोशाच्या कामात वर्षानुवर्षं होते, नंतर विश्वकोश मंडळाचे अध्यक्षही झाले. २००४ ला औरंगाबादला साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष हेच. दलित साहित्यावर त्यांनी लिहिलेलं 'निळी पहाट' आमच्या वेळी एमएला होतं, मी नोट्स काढून काढून पाठ केलेलं. विश्वकोश म्हटलं की सगळे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं नाव घेतात, घ्यायलाच पाहिजे, पण नोंदी तपासायच्या, लेखकांच्या मागं लागायचं, एका शब्दासाठी दुपार घालवायची हे काम करणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांचं नाव चार्टवर कधी येत नाही. पोराला म्हणावं हे पण क्षेत्रच आहे.

कंदीपेढा
काकू, एकदम भारी. हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि माझी सासुरवाडी वाई आहे. बायकोला सांगू नका.

मेंढका_माणदेशी
फलटणवाले झोपलेत का सगळे?? प्रवीण जाधव! सरडे गावचा. तिरंदाज. आईवडील मजुरी करायचे, पोरगं पुढं अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं, मग आर्मीत. २०१९ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये टीमला सिल्व्हर, त्यात हा होता. टोकियोला रँकिंग राउंडमध्ये आपल्या तीन पोरांत हा वर आला म्हणून दीपिका कुमारीबरोबर मिश्र जोडीत यालाच घेतला, क्वार्टर फायनलला कोरियाकडनं हरले. सिंगलमध्ये पहिल्याच फेरीत जगातल्या दोन नंबरच्या रशियन गड्याला ६-० नं घरी पाठवला, पुढच्या फेरीत अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन आला आणि त्यानं याला तसाच ६-० नं पाठवला. असतं खेळात. पॅरिसला पण गेलावता.

म्हणजे एकाच जिल्ह्यातनं दोन ऑलिंपिकवाले जाधव, एक ऊस बागायतीतला आणि एक दुष्काळी पट्ट्याकडचा. कृष्णाकाठच्यांनी नोंद घ्यावी, आमच्याकडं पाणी नसलं तरी नेम आहे.

कृष्णाकाठचा
घेतली नोंद, पाणी सोडतो.

स्कोअरबोर्ड_सातारा
क्रिकेट विसरलात. केदार जाधव. पुण्याचा आहे पण आडनावाला जिल्ह्याची अट नाही ना? आता गंमत बघा. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी. आणि केदारची सगळ्यात गाजलेली इनिंग कधीची, १५ जानेवारी २०१७, गहुंजे, इंग्लंड ३५०, आपण ४ बाद ६३, मी टीव्ही बंद करून दूध आणायला गेलो, परत आलो तर केदार आणि कोहली धुवून राहिलेत. केदार ७६ बॉलमध्ये १२०. पायात क्रॅम्प आले तरी मारतच होता. कोहली १२२. मॅच जिंकली. आता सरकारनं १५ जानेवारी राज्य क्रीडा दिन केलाय तो खाशाबांमुळं, पण माझ्यापुरता तो डबल जाधव डे आहे.

राजवाडा_चौपाटी
इतिहासात लखुजींवर थांबू नका, साताऱ्याचा थेट संबंध धनाजी जाधवांशी आहे. संताजी-धनाजी मधले. मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावीनात, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात म्हणायचे, ते हे. १७०७ ला शाहू महाराज मोगलांच्या कैदेतनं सुटून आले तेव्हा ताराराणींनी धनाजींना त्यांच्यावर पाठवलं. खेडला गाठ पडली आणि धनाजी शाहूंना मिळाले. तिथंच पारडं फिरलं. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक. आज आपण राजवाड्यावर उभं राहून भेळ खातो त्या गावाला राजधानी म्हणतात त्याच्यामागं हा एक जाधव आहे. बाळाजी विश्वनाथ, म्हणजे पुढचे पेशवे, ते आधी धनाजींच्याच हाताखाली वसुलीचा हिशोब बघायचे.

आणि त्यांचाच मुलगा चंद्रसेन. बाळाजी विश्वनाथाशी वाजलं आणि फिरत फिरत शेवटी निजामाकडं गेला. एका घरात बाप गादी उभी करून देतो आणि पोरगा समोरच्या तंबूत. चार्टवर चंद्रसेन टाकू नका, प्रश्न विचारतील.

यमक
यादव-जाधव एकच ना? देवगिरीचे यादव तेच सिंदखेडचे जाधव असं घराण्यात मानतात. य चा ज होणं आपल्याकडं नवीन नाही, यात्रेची जत्रा, योग्याचा जोगी.

स्कोअरबोर्ड_सातारा
मग सूर्यकुमार यादव पण आपलाच, घ्या चार्टवर.

भडंग_विथ_शेंगदाणे
आसामात एकट्यानं जंगल उभं केलेले जादव पायेंग, पद्मश्री, ते पण घ्या.

वाईची_काकू
ते त्यांचं पहिलं नाव आहे रे! आडनाव पायेंग.

भडंग_विथ_शेंगदाणे
झाडं लावलीत ना, घ्या की.

माजी_फौजी
एक नाव राहिलं. नामदेव जाधव, व्हिक्टोरिया क्रॉस. नगर जिल्ह्यातले, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. ९ एप्रिल १९४५, इटली, सेनिओ नदी. नदी ओलांडताना जवळपास सगळे पडले. यांनी गोळीबारात दोन जखमी साथीदार एकेक करून पाण्यातनं परत अलीकडच्या काठावर आणले, मग पुन्हा जाऊन तीन मशीनगन पोस्ट गप्प केल्या, हाताला गोळी लागलेली तरी. आणि मग बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकली, बाकीच्यांना पुढं बोलवायला. इंग्रजी रेकॉर्डमध्ये यांचं आडनाव 'जादव' लागलंय, ध चा द झालाय. तेवढ्यामुळं शोधताना सापडत नाहीत बऱ्याच जणांना.

कंदीपेढा
फौजीसाहेब सलाम. हे घेतलंच.

आता यादी मस्त झाली. एक शंका विचारतो, लग्नाकार्यात, एसटीत, कुठंही जाधव म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो "कुठले जाधव?" मला हे लय आवडतं, गाव सांगितलं की कुणीतरी पाव्हणा निघतोच. तुमच्याकडं पण असंच का?

विश्रामबाग_सिंगल_रूम
मी वाचनमात्र असतो पण यावर लिहितो. माझं पण आडनाव जाधव. सांगलीत शिकायला आलो तेव्हा रूम बघत होतो. एका घरी काका छान बोलले, पाणी दिलं, भाडं ठरलं. मग "कुठले जाधव?" मी गाव सांगितलं. मग म्हणाले "गावात घर कुठल्या बाजूला?" मी म्हटलं ओढ्याच्या पलीकडं. मग "वडील काय करतात, आजोबा काय करायचे, देवक काय?" तोवर मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन आला, भाचा येणार आहे राहायला, रूम देता येत नाही. पंधरा दिवसांनी त्याच गेटवर 'रूम भाड्याने देणे आहे' ची पाटी होती, मी रोज क्लासला त्याच रस्त्यानं जायचो.

तुमच्या यादीत नरेंद्र जाधव कसे नाहीत याचं आश्चर्य वाटलं. रिझर्व्ह बँकेतले अर्थतज्ज्ञ, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, नियोजन आयोगाचे सदस्य. 'आमचा बाप आन् आम्ही' त्यांचंच. वडील मुंबईला पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ते पुस्तक असतं. मी मुद्दाम लिहिलं नाही की ते आधी कुणाला सुचलं नाही, पण सुचलं नाही.

कृष्णाकाठचा
…

वाईची_काकू
बाळा, वाचलं. मला रा. ग. सुचले आणि हे नाही सुचले, हे खरं आहे.

कंदीपेढा
दोनदा लिहून खोडलं. आमच्याकडं आळीतली वरची रूम आहे, भाड्यानं असते. मी पण विचारतो "कुठले". मला वाटायचं मी गाव विचारतोय. मागच्या जूनमध्ये एक पोरगा आलावता, त्याला पण विचारलेलं, आणि पुढं अजून दोन प्रश्न विचारले होते ते आत्ता आठवले. नरेंद्र जाधव चार्टवर आले, दुसऱ्या नंबरला.

ॲडमिन_अजिंक्यतारा
धागा चालू ठेवतोय. मध्ये एका सदस्यानं "खाशाबा नेमके कुठल्यातले" असा प्रतिसाद टाकला होता तो उडवलाय. पुन्हा टाकला तर सदस्यत्व पण उडेल.

मेंढका_माणदेशी
काकूंनी कुलवृत्तांत म्हटलं म्हणून सांगतो, आमच्याकडं पुस्तक नसलं तरी हेळवी आहे. चारपाच वर्षांनी एकदा येतो, सजवलेल्या बैलावर बसून, पायावर शाल टाकलेली, घंटा वाजवत. ओसरीवर बसला की कापडात गुंडाळलेली वही काढतो आणि एका सुरात वाचायला लागतो, अमक्याचा तमका, तमक्याचे तिघे, आमचे मूळ पुरुष कुठनं आले, कुठल्या दुष्काळात गाव सोडलं. आमचं पण शेवटी सिंदखेडलाच नेऊन पोचवतो. मला वाटतं सगळ्या जाधवांना तिथंच पोचवत असेल, जोंधळे जास्त मिळतात.

मी सातवीत असताना आलावता. वाचता वाचता त्यानं माझ्या वडिलांच्या आधी एक नाव घेतलं जे मी कधी ऐकलंच नव्हतं. थोरला भाऊ, दोन वर्षांचा असताना गेलेला. घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही आणि हा परका माणूस बैलावरनं येऊन खणखणीत आवाजात वाचतोय. आजी सुपात जोंधळे घेऊन उभी होती, ती तशीच सूप घेऊन आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि नेहमीच्या दुप्पट घातले.

मागल्या खेपेला आला तेव्हा माझ्या पोरीचं नाव लिहीना, पोरींची लिहायची पद्धत नाही म्हणाला. बायको म्हणाली नाव नाही तर जोंधळे नाहीत. लिहिलं. फोनपे चालतं आता त्याला.

यमक
हे वेगळा धागा काढून लिहा राव, इथं पुरून जाईल.

स्कोअरबोर्ड_सातारा
कलाकार पण राहिले की. उषा जाधव, कोल्हापूरच्या, 'धग' साठी अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक. दिग्दर्शक रवी जाधव. आणि सिद्धार्थ जाधव, त्याच्याबद्दल काय सांगायचं, पोराला आधीच माहीत असेल.

विश्रामबाग_सिंगल_रूम
उषा जाधव घ्याच. आत्तापर्यंतच्या यादीत पहिली बाई.

वाईची_काकू
पहिली कशाला, जिजाऊ जाधवांच्याच की. लखुजी कशाला लिहिताय, लेक लिहा. सिंदखेड राजा, १२ जानेवारी १५९८. लखुजींना १६२९ ला निजामशहानं देवगिरीच्या किल्ल्यात बोलावून मारलं, पोरांसकट, आणि आज त्यांचं नाव आपण घेतो ते लेकीमुळंच.

राजवाडा_चौपाटी
१२ जानेवारीच? शाहूंचा राज्याभिषेक पण १२ जानेवारी. जाधवांचा जानेवारी फुल बुक आहे.

कंदीपेढा
शेवटचा अपडेट. उद्या चार्ट द्यायचाय. पोराला सगळा धागा वाचून दाखवला (लॅबचा भाग सोडून). यादी मी केली होती आठ नावांची, कॉलम पाडून दिले होते, पेन्सिलनं रेषा मारून. मी अंघोळीला गेलो आणि येऊन बघतो तर साहेबांनी सगळ्या चार्टवर खाशाबांच्या मिरवणुकीच्या बैलगाड्या काढायला घेतल्यात. शंभर काढायच्यात म्हणतो. चौतीस झाल्यात. जिजाऊंच्या कॉलममधनं तीन गाड्या चालल्यात, रा. ग. जाधवांच्या डोक्यावर एक बैल आलाय, प्रवीणचा बाण एका चाकात घुसलाय आणि नरेंद्र जाधवांना त्यानं एका गाडीत बसवलंय, हातात पुस्तक देऊन. म्हटलं हे काय, तर म्हणे सगळे जाधव मिरवणुकीला आलेत.

खोडरबर दिला नाही. उरलेल्या सहासष्ट गाड्या मागच्या बाजूला काढतोय, तपकिरी स्केचपेन संपलंय, राजवाड्यावर एखादं दुकान उघडं असलं तर बघून येतो.

@विश्रामबाग, व्यक्तिगत निरोप टाकलाय, जमलं तर बघा.